जरा खाली ठेव

दुपारची जेवणं उरकली, भांडी धुऊन पालथी पडली, की कलकत्त्यात डमडमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अजेयकाकांचा आवाज यायचा. काका स्वतः नसायचे हं. ते पुण्याला, इस्पितळात. आवाज मात्र रोज यायचा, पंख्याच्या घरघरीत मिसळून, आणि नूपुरची आई पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून तो ऐकत बसायची. डोळे मिटायची तशी गरज नव्हती, काचबिंदूने दोन्ही केव्हाच नेले होते. पण ऐकताना डोळे मिटावेत, नाहीतर शब्द सांडतात, असं तिचं म्हणणं. आता यावर काय बोलणार!

काका म्हणजे सख्खे नव्हेत. नूपुरचे बाबा, मनोहर, खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सला होते. बदलीवर आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांच्या घरात एक जादा खोली होती, आणि कलकत्त्यात नवा आलेला कुणीही मराठी माणूस, बँकेतला असो की कंपनीतला, आधी त्या खोलीत उतरायचा. खोलीत गाद्या, ट्रंका, बाबांची मासिकं, लोणच्याच्या बरण्या, काय नव्हतं! "वहिनी, खोली रिकामी आहे का?" असं कुणी फोनवर विचारलं की वृंदावहिनींचं, म्हणजे आईचं, ठरलेलं उत्तर असायचं, "रिकामी कुठली हो, पण मोकळी आहे. या." आणि माणूस जिना चढून वर येईपर्यंत ट्रंका पलंगाखाली, बरण्या ओट्यावर आणि गादीवर धुतलेली चादर. अजेयकाका असेच आठवडाभरासाठी म्हणून उतरले आणि आईच्या हातची आमटी ओरपत वर्षभर राहिले.

पुढे काकांनी न्यू टाउनला एका लहानशा कंपनीत बस्तान बसवलं. कंपनीचा धंदा सरळ होता. एक मोठा सर्व्हर, आणि त्यावर बिऱ्हाडकरूंसारखे अनेकजण: एक साडीवाला, एक शाळा, एक दवाखाना, एक मिठाईवाला. त्याच सर्व्हरच्या एका कोपऱ्यात काकांनी हट्टाने एक बोलकं ग्रंथालय थाटलं. ज्यांना दिसत नाही त्यांनी फोनवर बोट ठेवावं आणि पुस्तक ऐकावं. बहुतेक वाचन बांगला. मराठीचा कोपरा एवढासा, आणि त्यात वाचणारा एकच माणूस, काका. आईचे डोळे गेले त्या वर्षी त्यांनी सुरुवात केली होती. दुपारी डबा खाल्ला की ऑफिसच्या सामानाच्या खोलीत दार लावून बसायचे आणि बाबांच्या जुन्या मासिकांतून वाचायचे.

आणि वाचायचे तरी कसं! मध्येच थांबून म्हणायचे, "वहिनी, इथे लेखक जरा वाहवलाय, अर्धं पान गाळतो, तुम्हाला चालेल ना?" किंवा, "ह्या बाईला एवढं रडायला काय झालंय, मला कळलेलं नाही, तुम्हाला कळलं तर सांगा." हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये जसंच्या तसं. शेवटी घसा खाकरायचे आणि न चुकता म्हणायचे, "बरं वहिनी, पुस्तक खाली ठेवतो." त्या वाक्याला आई रोज मान डोलवायची. नूपुरला ते वाक्य फार आवडायचं, का ते मागाहून सांगते.

नूपुर त्याच कंपनीत, काकांच्याच हाताखाली तयार झाली. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी, आणि बाकी सगळा दिवस बांगला, अशी वाढलेली पोर. मराठी बोलायची गोड, पण मध्येच पाय घसरायचा. काका हसायचे, दुरुस्त करायचे नाहीत. "राहू दे, तुझं मराठी हवापालट करून आलंय," म्हणायचे.

मग काकांच्या घशात गाठ निघाली. ते पुण्याला बहिणीकडे गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी नूपुरला बोलून निरोप पाठवला. आवाज फाटका झाला होता, पण बोलण्याची ऐट तीच.

"नूपुर, ऐक. उद्यापासून माझी बोलती बंद, तेव्हा आजच सांगून ठेवतो. दुर्गापूजेची गर्दी येतेय. त्याआधी सर्व्हरची कॅश जरा खाली ठेव गं. बाकीची माणसंही राहतात तिथे. आणि वहिनींना म्हणावं, तारवाची गोष्ट अर्धी राहिली, त्याबद्दल माफी."

नूपुरने तो निरोप ऐकला आणि खूप रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. काकांनी बोलून सांगितलेलं हे शेवटचं काम, त्यात कसूर होणार नव्हती.

आता ही कॅश म्हणजे पैशांची नव्हे. आईला आधी तसंच वाटलं होतं. "एवढी कॅश ऑफिसात ठेवूच नये, बँकेत भरा म्हणावं," म्हणाली होती बिचारी. तर ही कॅश म्हणजे मसाल्याचा डबा. घरातलं सगळं सामान माळ्यावर असतं, पण मोहरी, हळद, हिंग लागतं रोज, म्हणून ते शेगडीशेजारी डब्यात काढून ठेवतो की नाही? तसंच ते. सर्व्हरची डिस्क म्हणजे माळा. जे वरचेवर लागतं ते सर्व्हर आपणहून मेमरीत, हाताशी, काढून ठेवतो. जागा दिसेल तेवढी भरत सुटतो, आणि कुणी नवं माणूस काम घेऊन आलं की डबा आवरून जागा करून देतो. फक्त कधीकधी आवरायला थोडा रेंगाळतो. म्हणून गर्दीच्या आधी त्याला सांगून ठेवायचं असतं.

नूपुरने सांगून ठेवलं. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि दर थोड्या वेळाने ती कॅश साफ रिकामी होईल अशी व्यवस्था केली. काकांनी म्हटलं होतं ना, खाली ठेव.

सर्व्हरची मेमरी भरभर रिकामी दिसू लागली. तिचे साहेब सलीलदा, वृत्तीने हळवे, सकाळी आल्याआल्या भिंतीवरच्या पडद्यावरचा आलेख बघणारे. आधी तो आलेख कायम लाल असायचा, मेमरी भरलेली. आता हिरवागार. "आहा, नूपुर!" ते म्हणाले. "पूजेआधीचं आकाश बघावं तसं वाटतंय." बाहेर खरंच तसं आकाश होतं. न्यू टाउनच्या मोकळ्या जमिनींवर काशफुलं, उंच गवताचे ते पांढरे तुरे, उमलली होती, वारा आला की सगळी पांढरी शेतं एका बाजूला झुकायची आणि सावकाश परत उभी राहायची. त्या दिवसांत ऑफिसातल्या कुणाचंच लक्ष कामात नसतं. सगळे अर्धे झोपेत, अर्धे कपड्यांच्या खरेदीत.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. साडीवाल्याची पानं उघडेनात. शाळेचं वेळापत्रक अडकलं. दवाखान्याची बाई फोनवर ओरडली. ग्रंथालयाचे तर हालच, वाचणारी माणसं शब्दाच्या मध्यावर गप्प व्हायची आणि कितीतरी वेळाने उरलेलं अर्धं अक्षर उच्चारायची. डमडमला आई फोन कानाशी धरून बसायची. "भावजींना ठसका लागतोय गं सारखा," म्हणायची. "तारू बंदराच्या तोंडाशी येतं आणि हे अडकतात."

त्या तारवाच्या गोष्टीत तिचा जीव गुंतला होता. कव्हर फाटलेल्या कुठल्याशा मासिकातली गोष्ट. वादळात सापडलेलं कोकणातलं एक तारू, आणि किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी राहिलेली म्हातारी. काकांनी अर्धी वाचली आणि घसा बसला म्हणून थांबले. मासिक त्यांनी घरी आणून दिलं होतं. "मी वाचून दाखवू का उरलेलं?" असं नूपुरने एकदा विचारलंही. आई म्हणाली, "नको. ते सुरू त्यांनी केलंय." तेव्हापासून ती ती अर्धी गोष्टच पुन्हापुन्हा ऐकायची.

सलीलदा दोन दिवस डोकं धरून बसले. मेमरी तर भरपूर रिकामी, मग अडतंय कुठे? त्यांनी डिस्क बघितली. डिस्क बिचारी रात्रंदिवस धावत होती. तिच्यावर सगळ्यात अवजड सामान कुणाचं? ग्रंथालयाचं. झालं, चोर सापडला.

"पंचमीला हलवू ग्रंथालय," ते नूपुरला म्हणाले. "जुन्या मशिनवर टाकू. तिथे पडून राहील."

"पडून राहील म्हणजे? लोक ऐकणार कसे?"

"पूजेनंतर बघू काहीतरी." सलीलदांनी खिडकीबाहेर बघितलं. 'पूजेनंतर बघू' याचा कलकत्त्यात काय अर्थ होतो, हे इथे वाढलेल्या मुलीला सांगायला नको.

ती घरी आली आणि आईला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, मुलगी कंप्युटरवाली, काकांचा तेवढा आवाज उचलून आईच्या फोनवर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. सुचलं होतं तिला, बोललीही.

आई म्हणाली, "माझ्यापुरतं करशील गं. पण बर्दवानची ती मास्तरीण ऐकते, तो बोटीवरचा कप्तान ऐकतो, त्यांना जिना उतरायला सांगायचं? भावजी तिकडे मुके होऊन पडलेत. त्यांचा आवाज त्यांनी आपल्या हाताने तिथे नेऊन ठेवलाय. आणि त्यांच्या मागे आपण त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर काढायचं? मी नाही हो सांगणार त्यांना. तूच सांग." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. आई रागावली की अशीच भिंतीकडे वळायची.

काकांना विचारावं का? ते टाइप करू शकत होते. पण नळ्या लावलेल्या माणसाला हे कसं विचारायचं, की तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं आणि तुमचंच घर मोडायची पाळी आली? तिने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. असं तीनचारदा झालं.

चतुर्थीला ऑफिसातून परतताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मांडव उभे राहत होते, बांबूंना कापड चढत होतं, रस्ता तुंबला होता आणि बस मुंगीच्या पावलाने चालली होती. दूरवर काशफुलं उन्हात झुलत होती. तिचा डोळा लागला.

स्वप्नात डमडमची ती जादा खोली होती, पण केवढी तरी मोठी. सगळे वाचणारे येऊन बसले होते. कुणी ट्रंकेवर, कुणी गादीवर, कुणी बरण्यांच्या मध्ये, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आणि सगळे एकाच वेळी हळू आवाजात वाचताहेत. ऐकायला इतकं छान वाटत होतं! काका खिडकीत बसले होते, मांडीवर मासिक उघडं. तेवढ्यात दारातून एक हात आला आणि त्याने केर लोटावा तसं सगळ्यांना लोटून जिन्यात घातलं. खोली एकदम रिकामी, लख्ख. बिचारे धापा टाकत जिना चढून परत आले, बसले, पान शोधलं, तोंड उघडलं, की परत तो हात. काका प्रत्येक वेळी "तारू बंद" एवढंच म्हणायचे आणि "राला" जिन्यात राहायचं. नूपुर ओरडली, "अहो, बसू द्या की त्यांना!" आणि तिने तो हात धरला. हातात तिचंच कडं होतं.

कंडक्टरने डमडम म्हणून हाक मारली तेव्हा ती दचकून उठली.

घरी नवरात्राचा नंदादीप होता. मराठी घरातलं नवरात्र आणि बाहेरची पूजा, दोन्ही एकाच वेळी आणि दोन्ही आपापल्या चालीने. दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून आई दिवसातून कितीदा तरी चाचपत देवघराशी जायची. तेल किती आहे ते ती वातीच्या आवाजावरून ओळखायची, असं ती म्हणायची. नूपुरचा त्यावर विश्वास होता. ती आत आली तेव्हा आई नुकतंच पळीने तेल घालत होती.

"आलीस? ही बाटली धर. खाली ठेव," आई म्हणाली. आवाजात अजून रुसवा होता.

नूपुरने बाटली घेतली. डोळ्यांत झोप होती, डोक्यात तो हात होता, आणि दिवसभर बांगला बोललेले कान होते. तिने सावकाश बाटली दिव्यावर धरली आणि तेल ओतायला लागली. गळगळ गळगळ आवाज झाला. तेल दिव्यातून ताम्हनात आलं, ताम्हनातून पाटावर.

"अगं अगं अगं! ओततेस काय?" आई किंचाळली. "खाली ठेव म्हटलं मी! जमिनीवर ठेव! रिकामी कर म्हटलं का?"

नूपुर बाटली हातात घेऊन उभीच. आई आधी कपाळावर हात मारून घेत होती, आणि मग एकदम तिला हसू फुटलं. पोट धरधरून हसायला लागली, रुसवाबिसवा सगळा वाहून गेला. "अजून तशीच आहेस गं तू! एवढीशी होतीस. मी म्हटलं, बाळा, लाडवांचा डबा खाली ठेव. तर तू सगळे लाडू फरशीवर ओतलेस आणि रिकामा डबा माझ्या हातात आणून दिलास, शहाण्यासारखा! शेजारच्या बंगाली माशीमांच्या घरात वाढलेली पोर तू. त्यांचं खाली म्हणजे रिकामं, आणि आपलं खाली म्हणजे खाली. तुझे बाबा म्हणाले, हिला ओरडू नकोस, ही दोन भाषांच्या मधल्या जिन्यावर बसलीय."

आई हसत होती आणि नूपुरने बाटली जमिनीवर ठेवली.

तिने फोन काढला आणि काकांचा तो निरोप लावला. "सर्व्हरची कॅश जरा खाली ठेव गं." जरा. एवढे दिवस तिने तो 'जरा' ऐकलाच नव्हता. जरा रिकामी असं काही असतं का? जरा खाली. थोडी कमी. मर्यादा थोडी उतरव, म्हणजे गर्दीच्या वेळी इतरांना अडचण होणार नाही, एवढंच म्हणाले होते काका. आणि ती प्रत्येक फोडणीनंतर मसाल्याचा डबा नेऊन माळ्यावर ओतत बसली होती!

"आई," ती म्हणाली, "काका रोज म्हणतात ना, पुस्तक खाली ठेवतो?"

"हो. त्याचं काय?"

"मला वाटायचं, ते पुस्तक खाली झालं म्हणतात. म्हणजे वाचून वाचून सगळं पुस्तक तुला देऊन टाकलं, आता आत काही उरलं नाही." ती पाटावरच्या तेलाकडे बघत म्हणाली. "मला ते खूप आवडायचं."

आईचं हसणं थांबलं. तिने चाचपत मुलीचा तेलकट हात हातात घेतला. "तेही काही चूक नाही गं," ती म्हणाली.

नूपुरने तिथेच पाटाशेजारी बसून लॅपटॉप उघडला, तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि कॅशची मर्यादा उतरवून निम्म्याच्या जरा खाली आणली. जरा. मग दोघींनी मिळून तेल पुसलं.

पंचमीला सकाळी सलीलदांनी आलेख बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय, परत भरली? आज ग्रंथालय हलवायचं आणि आजच हे?"

"सलीलदा, चूक माझी होती," नूपुर म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं, तेलासकट.

सलीलदा ऐकत राहिले. "खाली म्हणजे... निचे?" त्यांनी विचारलं. मग 'खाली, खाली' असं दोनचारदा स्वतःशी म्हणून बघितलं, पहिल्यांदा खायचा पदार्थ जिभेवर फिरवावा तसं. हसूही आलं त्यांना. पण आलेखाकडे बोट करून म्हणाले, "बरं, पण ही अर्धी मेमरी भरलीय, त्याचं काय? दुपारी साडीवाल्याची शेवटची मोठी गर्दी आहे. तेव्हा जागा कुठून आणणार?"

नूपुरला बांगलात शब्द सापडेना. खाली म्हटलं की घोटाळा होत होता. शेवटी तिने त्यांना डमडमच्या खोलीची गोष्ट सांगितली. ट्रंका, बरण्या, मासिकं, आणि फोनवरचा आईचा आवाज. "ती खोली कधीच रिकामी नव्हती, सलीलदा. पण कुणी आलं आणि जागा मिळाली नाही, असं एकदाही झालं नाही. रिकामी आणि मोकळी यांत फरक आहे. हा आलेख फक्त रिकामी किती ते दाखवतो. मोकळी किती ते दाखवतच नाही."

"मोकळी," सलीलदा म्हणाले. तो शब्द त्यांना बरा वाटला असावा. "ठीक आहे. संध्याकाळपर्यंत थांबतो. पण नूपुर, साडीवाल्याचा एक जरी फोन आला ना, तर आज घरी जायच्या आत ग्रंथालय हलवेन. मग मला खोलीबिलीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत."

जेवणाच्या सुट्टीनंतर गर्दी सुरू झाली. अख्खं शहर एकाच वेळी साड्या बघायला बसलं होतं जणू. नूपुर पडद्यासमोर बसली, हात मांडीत घट्ट. साडीवाल्याची मागणी वर वर चढत गेली, आणि तिने बघितलं, कॅश सरकायला लागली. पडद्यावर रेघच ती, पण नूपुरला खोली दिसत होती. वाचणारे उठताहेत, पुस्तकं काखेत मारताहेत, ट्रंका पलंगाखाली जाताहेत, नव्या पाहुण्याला गादी मिळतेय. कुणी लोटत नव्हतं. आपणहून उठत होते. सलीलदा मागे येऊन उभे राहिले होते. टेबलावरचा फोन गप्प होता. खिडकीबाहेर काशफुलं वाकली, सावकाश उठली, परत वाकली.

आणि फोन वाजला.

सलीलदांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं, तो वाजत नव्हता. वाजत होता तिच्या पर्समधला.

"अगं," आई म्हणाली, "आज भावजींनी सुरू करायला जरा वेळ लावला. मी म्हटलं, झालं, हलवलं वाटतं. पण मग आले. आता छान वाचताहेत, ठसका नाही, काही नाही. कुणी आलं होतं का गं तिथे?"

"हो आई," नूपुर म्हणाली. डोळे भरून आले होते, त्यामुळे पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. "पाहुणे आले होते. काका उठून जागा देत होते."

"देणारच ते," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सलीलदांनी जायच्या आधी पडदा बंद केला. ग्रंथालयाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दारात थांबून फक्त एवढंच म्हणाले, "मोकळी. नाही का?" आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाहेर पूजेचे ढाक, म्हणजे ढोल, वाजत होते आणि घरात दुपार पसरली होती. नूपुर त्या खोलीत गेली, ट्रंका सरकवल्या आणि तळातून ते बिनकव्हरचं मासिक शोधून काढलं.

"आई, उरलेली गोष्ट मी वाचते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. काकांसाठी. त्यांनी इतकी वर्षं वाचलं, त्यांना कोण वाचून दाखवणार?"

आई पलंगावर उठून बसली. या वेळी ती नको म्हणाली नाही. नुसती सरकली आणि आपल्या शेजारी जागा केली.

नूपुरने फोन समोर ठेवला आणि वाचायला लागली. देवनागरी ती हिंदीमुळे वाचायची, पण 'सुकाणू'ला अडखळली, 'नांगर' शेतातला समजली, आई मध्येच पुटपुटून सांगायची आणि तेही रेकॉर्ड व्हायचं. एका जागी नूपुर थांबली आणि म्हणाली, "काका, इथे लेखक खूप पाऊस पाडतोय, पण मी काही गाळणार नाही." तारू आलं. शीड फाटलेलं, वल्ही मोडलेली, पण आलं. म्हातारीचा कंदील विझला होता, तरी ती उभी होती. आईने पदर डोळ्यांना लावला.

मासिक मिटून नूपुरने घसा खाकरला. "बरं काका," ती म्हणाली, "पुस्तक खाली ठेवते." आणि ते तिने खरंच, हळूच, जमिनीवर ठेवलं.

रेकॉर्डिंग ग्रंथालयात चढवलं. नवी गोष्ट, कुणी कधी न मागितलेली, माळ्यावरच्या अंधारात जाऊन पडायची. पण सुट्टी संपवून नूपुर ऑफिसात आली आणि बघते तर ती माळ्यावर नव्हतीच. हाताशी होती, कॅशमध्ये, अगदी पुढे. पुण्याहून कुणीतरी ती रोज ऐकत होतं, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, आणि तिला तिथून हलू देत नव्हतं.

त्याच दुपारी काकांचा निरोप आला. टाइप केलेला. त्यात शाबासकी नव्हती, चुका काढलेल्या नव्हत्या, तब्येतीचं काही नव्हतं. एकच ओळ होती.

"एवढ्यात खाली ठेवू नकोस."